त्याचं गेलं काय?

वाशीम जिल्ह्यात आसेगावं दोन आहेत. एक रिसोड तालुक्यातलं, त्याला आसेगाव पेन म्हणतात. दुसरं मंगरुळपीर तालुक्यातलं, पोलीस ठाण्याचं आसेगाव. नुसतं ‘आसेगाव’ म्हणून तिकीट मागितलं की कंडक्टर तिकिटाच्या यंत्रावरचं बोट तसंच ठेवून विचारतो, “कोनतं, भाऊ?” मला जायचं होतं मंगरुळपीरकडच्या आसेगावला. तिथले एक ओळखीचे शिक्षक बरेच दिवस मागे लागले होते की, येऊन मुलांना शूर माणसांच्या गोष्टी सांगा. अटी दोन होत्या. गोष्ट खरी पाहिजे, आणि शक्यतो याच मुलखातली पाहिजे.

पहिली अट सोपी. दुसरीने घाम फोडला. आपल्याकडे मुलांसाठी शौर्यकथांची पुस्तकं ढिगाने निघतात आणि त्यांत पन्हाळा असतो, कोंढाणा असतो, झाशी असते. ते हवंच. पण वऱ्हाडातल्या पोराला त्यामुळे वाटत राहतं की शौर्य ही सह्याद्रीत घडणारी गोष्ट आहे आणि आपल्या वाट्याला फक्त कापूस, सोयाबीन आणि कर्ज. म्हणून ठरवलं, सरळ वाशीमला उतरायचं नाही. मूर्तिजापूरला उतरून, कारंजा-मंगरुळपीर करत सडकेने जायचं. वाटेत जे सापडेल ते झोळीत.

मूर्तिजापूर मुंबई-नागपूर लोहमार्गावरचं स्थानक. इथून दोन अरुंद रूळ फुटायचे, एक अचलपूरकडे, दुसरा कारंज्यावरून यवतमाळकडे. तीच शकुंतला. कापूस वाहायला इंग्रज कंपनीने घातलेली, स्वातंत्र्यानंतरही कंपनीच्याच मालकीची राहिलेली आणि १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावलेली गाडी. आता ती बंद आहे, रुळांवर झुडपं आहेत आणि ‘शकुंतला पुन्हा सुरू करा’ ही मागणी दर निवडणुकीला हिरवी होते.

मला मूर्तिजापूरला उतरवलं ते मात्र शकुंतलेने नव्हे, गाडगेबाबांनी. बाबांनी उभारलेलं गोरक्षण याच गावात आहे, आणि त्यांचं बालपण गेलं ते दापुरा गाव याच तालुक्यात. जन्म शेंडगावचा, २३ फेब्रुवारी १८७६ चा. वडील झिंगराजी दारूपायी लवकर गेले. आई सखूबाई लहानग्या डेबूला घेऊन माहेरी, दापुऱ्याला आली. मामा चंद्रभानजींच्या गुरांमागे आणि औतामागे हा मुलगा वाढला. पुढे खराटा, गाडगं, कीर्तन, धर्मशाळा हे सगळं आपल्याला पाठ आहे. मला हवा होता घर सोडण्याआधीचा डेबूजी, कारण शाळेतल्या मुलांना म्हातारा संत दाखवला की ती नमस्कार करतात आणि पुढच्या पानावर जातात. तरणा शेतकरी दाखवला तर थांबतात.

प्रबोधनकार ठाकऱ्यांनी बाबांचं चरित्र लिहिलं. त्यातला हा तरणा डेबूजी जबर आहे. मामाचं शेत सावकाराच्या कागदांत बुडालं. कष्ट करूनही कागद काही फिटेना. एक दिवस सावकार माणसं घेऊन शेताचा ताबा घ्यायला बांधावर आला आणि डेबूजी त्या सगळ्यांना एकटा आडवा गेला. त्या दिवशी सावकाराला माघारी जावं लागलं. गोष्ट अशी की कुठल्याही पोराने ऐकून मूठ आवळावी.

पण चरित्रात दुसराही एक प्रसंग आहे आणि मला तो जास्त अवघड वाटतो. डेबूजीला पहिली मुलगी झाली. बारशाला भावकीला मटण आणि दारू द्यायची ही रीत होती. ती पाळण्यासाठी कर्ज काढणारे तेव्हा होते, आजही आहेत. डेबूजीने गोडाचं जेवण वाढलं. पंगत चिडली, नातेवाईक तोंडावर बोलले, आणि हा आपल्या म्हणण्यावरून हलला नाही. सावकाराला आडवं जाताना गाव मनातून तरी आपल्या बाजूला असतं. पंगतीत बसलेल्या आपल्याच माणसांना ‘नाही’ म्हणताना बाजूला कोणीच नसतं. ही दुसरी गोष्ट पुस्तकांत एका ओळीत उरकतात, का कोण जाणे. कदाचित तिच्यात काढण्यासारखं चित्र नसेल.

कारंज्याकडे निघालो तेव्हा जुलैचा पहिला आठवडा सरला होता. सोयाबीन वीतभर वर आलेलं, शेताशेतांत डवरे चाललेले. मूर्तिजापूरकडून मंगरुळपीरकडे जाताना कुठेतरी समृद्धी महामार्ग ओलांडावाच लागतो. खाली आपली एसटी खड्डे चुकवत जाते, वर गाड्या सुसाट. वर जाणाऱ्याला वऱ्हाड दिसत नाही आणि खालच्याला वरची गाडी कुठली ते कळत नाही. असो.

कारंजा म्हणजे नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव. गुरुमंदिरात गर्दी असते. जैनांच्या भट्टारकांच्या गाद्याही इथे होत्या आणि त्यांची हस्तलिखितांची भांडारं विद्वानांना माहीत आहेत. गाव एकेकाळी किती श्रीमंत होतं हे १६७० सालच्या एका घटनेवरून कळतं. सुरत दुसऱ्यांदा लुटल्यावर त्याच वर्षी मराठी फौजा वऱ्हाडात उतरल्या आणि त्यांनी कारंजा लुटलं. चार हजार बैल-गाढवांवर लूट लादून नेली, सावकारांना खंडणीसाठी धरून नेलं आणि गावातला सगळ्यांत मोठा धनिक बाईचा वेष घेऊन निसटला, असं जदुनाथ सरकार लिहितात. मुलांना सांगावी का ही गोष्ट? सांगावी असं माझं मत आहे. लूट का केली, मोगलांचा पैसा तोडणं हा युद्धाचाच भाग कसा होता, हे समजावून सांगावं आणि कारंज्याच्या गल्लीतून ती कशी दिसली असेल तेही सांगावं. ज्या मुलाला एकाच बाजूची लढाई माहीत असते त्याला लढाई माहीतच नसते. शिवाय साडी नेसून पळालेला तो सावकार कारंज्याच्या पोरांना फार आवडेल याची मला खात्री आहे.

बसस्थानकाबाहेर आलूबोंडा खाल्ला, वर कट मारला आणि मंगरुळपीरची गाडी धरली. मंगरुळपीरच्या नावातला पीर म्हणजे हयात कलंदर. त्यांचा दर्गा हे गावाचं दैवत, आणि बिरबलनाथ महाराजांची यात्राही तितकीच मोठी. तिथून आसेगावला जाताना जमीन हळूहळू उठायला लागते. काळ्या मातीच्या सपाटीमधून मुरमाड टेकड्या डोकावतात, उतारावर साग आणि पळस. हा अजिंठ्याच्या डोंगररांगांचा विस्कटलेला शेवट. दक्षिणेला पैनगंगेपर्यंत हेच चालतं.

आसेगावच्या फाट्यावर उतरलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. चहाच्या टपरीवर एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “कोन गावचे, भाऊ? काऊन आले?” शाळेत गोष्टी सांगायला, म्हटल्यावर त्यांनी नीट निरखून पाहिलं. “गोष्टी सांगाले इतक्या दुरून? बाप्पा!” पुढे त्यांनी चहाचे पैसे देऊ दिले नाहीत.

आसेगाव म्हणजे आसपासच्या खेड्यांचं बाजाराचं, ठाण्याचं, शाळेचं गाव. राजवाडा नाही, किल्ला नाही, पर्यटकाला दाखवण्यासारखं फलकावर लिहिलेलं काही नाही. अशाच गावाला मुलांना सांगायच्या इतिहासाची खरी परीक्षा होते. वाशीम गावाचं तसं नाही. ते वाकाटकांचं वत्सगुल्म. तिथल्या हरिषेण राजाच्या मंत्र्याने, वराहदेवाने, अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवलं. वाशीमच्या गुरुजींना बोट दाखवायला जागा आहे. आसेगावच्या गुरुजींना माणसंच शोधावी लागतात.

आणि माणसं आहेत. अकबराच्या काळी अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’ लिहिली, तीत वऱ्हाड सुभ्याचं वर्णन करताना बाशीमपाशी, म्हणजे वाशीमपाशी, त्याची लेखणी थबकते. तिथे हटकर नावाचे लोक राहतात, मानी आहेत, कोणाला जुमानत नाहीत, आणि त्यांचं बळ एक हजार घोडेस्वार आणि पाच हजार पायदळ आहे, असं तो नोंदवतो. दिल्ली-आग्र्याच्या कारभाऱ्याला या टेकड्यांतल्या धनगरांची दखल घ्यावी लागली. पुढे १८७० साली लायलने वऱ्हाडचं गॅझेटिअर लिहिलं, त्यातही हे हटकर आहेत. पैनगंगेच्या उत्तरेच्या डोंगरांत त्यांची नाईकी. त्यांच्यात रणात किंवा शिकारीत मेलेल्याला अग्नी देत आणि घरात मेलेल्याला मांडी घालून बसवून पुरत. म्हणजे कोण कसा मेला हे गावाला राखेवरून कळत असे.

शाळेच्या वऱ्हांड्यात सातवी-आठवीची मुलं-मुली बसली होती. सुरुवात केली ती नौसाजी नाइकांपासून. १८१८ साली पेशवाई बुडाली. दुसरा बाजीराव पळत होता तो उमरखेडच्या आसपासही येऊन गेला. मोठमोठे सरदार तह करून मोकळे झाले. या डोंगरातला हटकर नाईक नौसाजी मात्र झुकला नाही. निजामाचा मुलूख म्हणायचा तर हा निजामाचा, पण निजामाच्या त्या फौजेचे अधिकारी इंग्रज होते आणि तिच्या एका ब्रिगेडला नावसुद्धा हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटचं, रसेलचं. त्या फौजेशी नौसाजीची उमरखेडला लढाई झाली. तिथे हार झाल्यावर तो पैनगंगेपलीकडच्या नोव्ह्याच्या गढीत शिरला. जानेवारी १८१९ मध्ये मेजर पिटमनने गढीला वेढा घातला. तोफांनी भिंतीला खिंडार पडलं आणि ३१ जानेवारीला हल्ला झाला. आत बहुतेक अरब शिपाई होते. ते शरण आले नाहीत. बहुतेक सगळे कापले गेले. ही लढाई इंग्रजांना इतकी जड गेली की त्यात लढलेल्या पलटणींना ‘नोव्हा’ हा रणसन्मान मिळाला आणि त्यांच्या निशाणांवर हे एका गढीचं नाव पुढे शंभर वर्षं राहिलं. नौसाजी पकडला गेला, हैदराबादला नेला गेला आणि तिथेच मेला.

पोरं खूष होती. एक जण तर तोफेचा आवाज काढून दाखवत होता. तेवढ्यात मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. वेण्यांना लाल रिबिनी, आवाज एकदम शांत.

“सर, त्याचं गेलं काय?”

“म्हणजे?”

“म्हंजे लढला तं लढला. पन त्याचं काय काय गेलं?”

मी सांगितलं. गढी गेली, माणसं गेली, नाईकी गेली, मरायला स्वतःचं गाव मिळालं नाही. ज्यांना रणात मेल्यावर अग्नी मिळण्याचा मान, त्यांचा नाईक परक्या शहरात कैदेत गेला. मुलगी “हाव” म्हणून खाली बसली. पण त्यानंतर दुपारभर मी जी गोष्ट सांगेन तिच्या शेवटी तिचा तोच प्रश्न यायला लागला आणि मग बाकीचीही विचारू लागली. डेबूजीच्या बारशाची गोष्ट सांगितली. त्याचं गेलं काय? एक मुलगा म्हणाला, “काहीच नाही गेलं, लाडूच तं वाढले.” त्यावर ती म्हणाली, “भावकी गेली ना त्याची.” मी तीस वर्षं हे चरित्र चाळतोय. इतक्या थोडक्यात मला ते सांगता आलं नव्हतं.

आमच्या वयाचं कोणी नव्हतं का, असं एकाने विचारलं. होता. चिमूरचा बालाजी रायपूरकर, सोळा वर्षांचा. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. चिमूरच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या घातल्या, त्यात तो गेला. इथपर्यंत सगळीच पुस्तकं सांगतात. पुढचं मी मुद्दाम सांगितलं. पोरगं मेलेलं पाहून जमाव बेभान झाला आणि त्याने चार सरकारी माणसांना ठार मारलं. मग गोऱ्या सोल्जरांची पलटण आली, घराघरांतले पुरुष धरून नेले गेले आणि मागे राहिलेल्या बायकांवर अत्याचार झाले. शिक्षक जरा अस्वस्थ झाले, मुलं झाली नाहीत. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना आपण समजतो त्यापेक्षा बरंच जास्त कळतं. गोष्ट धुऊन-पुसून दिली की ती त्यांना कळतेच, आणि आपण काहीतरी लपवतोय हेही कळतं.

पण त्या दुपारची सगळ्यांत लांबलेली चर्चा झाली ती वाशीम जिल्ह्यातल्याच एका बाईवरून. सायखेड्याच्या संगीता आव्हाळे. २०१५ साली घरात संडास नाही म्हणून त्यांनी मंगळसूत्र आणि अंगावरचा दागिना विकून संडास बांधला. बातमी देशभर गेली, तेव्हाच्या ग्रामविकासमंत्री पंकजा मुंडे यांनी त्यांचा सत्कार केला. गोष्ट सुरू होताच मुलं हसली. तोफांनंतर संडास! लढाईचं पुस्तक लिहिणाऱ्यांनीही हसावं, अशीच आपली तयारी असते. मुली हसल्या नाहीत.

“मंगळसूत्र इकलं? अन घरचे काय म्हनले?”

“गावातल्या बाया काय म्हनल्या असतीन?”

अंधार पडेपर्यंत दिवसभर थांबून राहणं काय असतं, हे त्या वऱ्हांड्यातल्या काही मुलींना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. एक मुलगा म्हणाला, विकायचं तर बैल विकायचा, मंगळसूत्र कशाला? त्याला तिघींनी एकदम उत्तर दिलं आणि तो पुन्हा बोलला नाही. बैल सगळ्या घराचा असतो. मंगळसूत्र तिचं होतं. नवरा जिवंत असताना ते गळ्यातून काढणं हे आपल्याकडे किती अशुभ मानतात हे लक्षात घेतलं, म्हणजे या बाईने सोनाराच्या पेढीवर नेमकं काय ठेवलं ते कळतं. डेबूजीच्या पंगतीच्या ओळीतली ही गोष्ट आहे. समोर शत्रू नाही, आपलीच माणसं आणि आपलीच रीत. माझ्यापुरतं मी तिथे ठरवून टाकलं की मुलांच्या शौर्यकथांच्या पुस्तकात नोव्ह्याच्या गढीला आठ पानं दिली, तर सायखेड्याच्या संडासालाही आठच द्यायची.

रात्री शिक्षकांच्या घरी भाकर, झुणका आणि ठेचा. त्यांच्या वडिलांनी दुष्काळाच्या, सावकारीच्या बऱ्याच गोष्टी सांगितल्या. त्या त्यांच्या आहेत, इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मानोऱ्याच्या बाजूने पुसदला निघालो. हा रस्ता आज एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जातो. इंग्रजांच्या वेळी तसं नव्हतं. बाशीम हा स्वतंत्र जिल्हा होता आणि त्याचे तालुके तीन : बाशीम, मंगरुळ आणि पुसद. १९०५ साली तो मोडला, पुसद यवतमाळकडे गेलं, बाशीम-मंगरुळ अकोल्याकडे. वाशीम पुन्हा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. म्हणून आसेगावच्या मुलांना पुसदची गोष्ट आपलीच म्हणून सांगता येते. वाटेत पोहरादेवीचा फाटा लागतो. संत सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे, देशभरचा बंजारा तिथे येतो, आणि २०२४ मध्ये बंजारा वारशाचं नवं संग्रहालयही झालं आहे. पण त्या जागेला अशी जाता जाता भेट देऊ नये. तिच्यासाठी वेगळं यावं.

पुसदला मला पाहायचं होतं ते जंगल आणि त्यातलं गवत. १९३० च्या एप्रिलमध्ये दांडीला मीठ उचललं गेलं आणि देशभर मिठाचा कायदा मोडायची लाट आली. वऱ्हाडाला समुद्र कुठला? अकोल्याकडे पूर्णेच्या खोऱ्यात विहिरींना खारं पाणी लागतं. दहीहांड्याला ते पाणी उकळून मीठ काढलं आणि सत्याग्रह केला. पण पावसाळा लागला आणि चुलीही विझल्या. मग मोडायला कायदा कोणता? उत्तर गुराख्याला आधीच माहीत होतं. सरकारने जंगलं राखीव केली होती. ज्या डोंगरावर बापजाद्यांनी गुरं चारली, तिथे परवान्यावाचून गवताची काडी तोडणं गुन्हा झाला होता. १० जुलै १९३० रोजी बापूजी अणे विळा घेऊन पुसदच्या राखीव जंगलात शिरले आणि त्यांनी गवत कापलं. अटक झाली, सहा महिन्यांची सजा झाली. पुढे जंगल सत्याग्रह वऱ्हाड-मध्यप्रांतात गावोगाव गेला. कोकणात चिरनेरला २५ सप्टेंबरला आणि सिवनीजवळच्या तुरियाला ९ ऑक्टोबरला याच जंगलाच्या भांडणात गोळ्या चालल्या, माणसं मेली. तुरियाच्या चार मृतांत तीन बायका होत्या.

बापूजी तेव्हा कोण होते ते पाहिलं म्हणजे त्या विळ्याचं वजन कळतं. वणीला जन्मलेले, यवतमाळचे नावाजलेले वकील, टिळकांचे अनुयायी, संस्कृत पंडित, पन्नाशीला टेकलेले. गांधींच्या सगळ्या गोष्टी त्यांना पटत नव्हत्या आणि ते तसं उघड म्हणत. कायदेमंडळात बसून सरकारशी भांडावं या मताच्या पक्षात ते होते. तरी वेळ आली तेव्हा मतभेद घरी ठेवून चिखलात उतरले. ज्याला नेत्याचं सगळंच पटतं त्याला तुरुंगात जाणं त्यामानाने सोपं.

आणि आता नौसाजी इथे परत येतो. नोव्ह्याची गढी फोडणारी ती निजामाची, इंग्रज अधिकाऱ्यांची फौज पोसायला महाग होती. निजामाकडे तिचा पगार थकत गेला, कर्ज चढलं आणि त्या थकबाकीपोटी १८५३ साली त्याने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. १९०२ मध्ये कर्झनने ते वर्षाला पंचवीस लाखांवर कायमच्या पट्ट्यानेच घेतलं. इंग्रज आले म्हणून जंगलखातं आलं, जंगलखातं आलं म्हणून गवतावर बंदी आली. नौसाजीला हरवणाऱ्या फौजेचं बिल वऱ्हाडातल्या गुराख्याने शंभर वर्षांनी गवताच्या पेंढीने चुकवलं, असं म्हटलं तर इतिहासकारांनी फार रागवू नये. आसेगावच्या मुलांना हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवायचं मी शिक्षकांना कळवलं आहे.

बापूजींची गोष्ट १९३० मध्ये संपत नाही. १९४२ ला ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. म्हणजे सरकारच्याच बाजूला बसलेले, लोकांच्या नजरेतून उतरलेले. चिमूरच्या बायकांवरच्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी उपोषणाला निघाले, ते सरळ दिल्लीला बापूजींच्या दारात जाऊन बसले. भन्साळींचं उपोषण पुढे त्रेसष्ट दिवस चाललं. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधींनी आगाखान पॅलेसमध्ये उपास सुरू केला, सरकार त्यांना सोडेना, तेव्हा बापूजींनी आणखी दोघांबरोबर मंडळाचा राजीनामा दिला. इथे जंगल नाही, विळा नाही, बेड्या नाहीत. एका कागदावर एक सही. मुलांसाठी लिहिणाऱ्याला या सहीचं चित्र काढता येत नाही म्हणून ती गाळली जाते आणि मग मुलांना वाटतं, धीट व्हायचं तर जंगलात जावं लागतं.

पुसदहून परतताना गहुली केलं. वसंतराव नाइकांचं गाव. अकराहून अधिक वर्षं मुख्यमंत्री, हरितक्रांती, रोजगार हमी हे सगळं फलकांवर आहे. फलकावर ठळक नसलेली गोष्ट अशी की तांड्यातून शिकून वकील झालेल्या या बंजारा तरुणाने १९४१ साली नागपूरच्या वत्सलाबाई घाटे यांच्याशी लग्न केलं. १९४१ साली बंजारा मुलगा आणि ब्राह्मण मुलगी! दोन्हीकडचं वादळ दोघांनी सोसलं. रिबिनीवाल्या मुलीने विचारलंच तर उत्तर तयार आहे.

आसेगावच्या शिक्षकांनी आता वर्गात एक जाड वही ठेवली आहे. मुलांनी आपल्या किंवा शेजारच्या गावातल्या धीट माणसाची गोष्ट घरच्या म्हाताऱ्यांना विचारून तीत लिहायची. रकाने त्यांनी आखले : नाव, गाव, साल, काय केलं. पाचवा रकाना मुलांनी मागून घेतला. वऱ्हाडातल्या इतर शाळांनीही अशी वही ठेवावी, पावसाळ्यात एखाद्या सुटीच्या दिवशी मुलांना पुसदच्या रानात नाहीतर दापुऱ्याच्या शिवारात न्यावं. शिक्षकांना आधार हवा असेल तर अकोला जिल्ह्याचं गॅझेटिअर शासनाच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतं. वाशीमचा बराचसा जुना इतिहास त्याच्यातच आहे. आधी ते उघडा.